पाहणी आणि मोजणी

आमच्या बीड जिल्ह्यात ‘हवाई पाहणी’ या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. दुष्काळ पडला किंवा पूर आला की एक हेलिकॉप्टर येते, रानातली माणसे कपाळावर आडवा हात धरून वर पाहतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात खिडकीतून खाली पाहणाऱ्या पाहुण्यांचे छायाचित्र छापून येते. पाहणी झाली म्हणजे कोणीतरी पाहिले, एवढे कळते. काय पाहिले आणि ते कशाशी ताडून पाहिले, हे प्रश्न त्या शब्दाच्या बाहेरच राहतात.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत ‘अहवाललेखन’ नावाचे एक प्रकरण असते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन सिंदफणा, मांजरा, गोदावरी या नद्या काठ सोडून वाहिल्या. त्यानंतर वर्ग सुरू झाले तेव्हा मी विद्यार्थ्यांना पूरपाहणीचा अहवाल लिहायला सांगितले. विषय त्यांच्या अंगणातलाच होता. अहवालांत ‘हाहाकार’, ‘रौद्र रूप’, ‘होत्याचे नव्हते झाले’ हे सगळे भरपूर आले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, होत्याचं नव्हतं झालं हे खरं आहे. पण ‘होतं’ ते किती होतं, ते कुठं लिहिलेलं आहे?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. मात्र हा प्रश्न मी पूर्वी एकदा, अगदी वेगळ्या भूमीवर उभा राहून, ऐकला होता.

तेलगाव हे बीड-परळी रस्त्यावरचे, साखर कारखान्यामुळे ओळखले जाणारे गाव. इथल्या माणसाला समुद्र सहलीपुरताच ठाऊक असतो. मलाही तसाच होता. डिसेंबर २०२० मध्ये, टाळेबंदी सैल झाल्यावर, एम. ए.ला माझ्याबरोबर असलेल्या एका मित्राकडे मी श्रीवर्धन तालुक्यात गेलो. तो तिकडच्याच एका महाविद्यालयात शिकवतो. त्या वर्षी ३ जून रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले होते. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या घरात होता. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या होत्या. पोफळीचे झाड लावल्यापासून उत्पन्न हाती यायला काही वर्षे लागतात; म्हणजे त्या एका दुपारने पुढची कित्येक वर्षे नेली होती.

मित्र मला दिवेआगरच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनातले बुंधे अजून आडवे पडलेले होते. समुद्र आणि वाड्या यांच्यामध्ये वाळूचा एक लांबट उंचवटा होता, त्यावर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली होती. तिला तिकडे मर्यादवेल म्हणतात. भरतीचे पाणी जिथवर येते त्याच्या वरच्या अंगाला ही वेल वाढते, उडणारी वाळू आपल्या फांद्यांत अडवते आणि त्या वाळूचा उंचवटा करते. समुद्राची मर्यादा सांगणारी ती मर्यादवेल. एखाद्या वेलीला इतके नेमके नाव देणाऱ्या भाषेचा मला त्या क्षणी अभिमान वाटला. त्या उंचवट्याची समुद्राकडची कड एके ठिकाणी सुरीने कापल्यासारखी उभी झाली होती आणि वेलीची मुळे हवेत लोंबत होती.

“हे निसर्गनं नेलं,” मित्र म्हणाला.

आमच्याबरोबर एक वयस्क वाडीवाले होते. ते म्हणाले, “तसं नाही, सर. ही पुळण दर पावसाळ्यात जाते नि दिवाळीनंतर भरून येते. यंदा थोडी जास्त गेली असेल.” तेवढ्यात त्यांच्या पुतण्याने तिसरेच कारण सांगितले. त्याच्या मते सुरूची लागवड केल्यापासून वाळूची चाल बदलली होती, आणि वादळाने फक्त ते उघडे पाडले. तिघेही तिथलेच. तिघांनीही तो किनारा आयुष्यभर पाहिलेला. तिघेही आपापल्या परीने बरोबर असू शकत होते. वाद मिटवायला एकच गोष्ट हवी होती : २ जूनला तो उंचवटा किती उंच होता, याची नोंद. ती तिघांपैकी कोणापाशी नव्हती.

तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते मी वाचत गेलो. वाङ्मयाच्या माणसाने हे कशाला वाचावे, असे सुरुवातीला मलाच वाटत होते. वाचता वाचता लक्षात आले की हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात दरवर्षी चक्रीवादळे येतात. तिथल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने, अर्थात यू.एस.जी.एस.ने, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अंतराळ संस्था ‘नासा’ आणि इतरांच्या मदतीने किनाऱ्यांचे विमानातून मापन करण्याची पद्धत रुळवली. विमानातून खाली लेझर किरणांचे स्पंद सोडायचे, ते वाळूवर आपटून परत यायला किती वेळ लागला तो मोजायचा, आणि त्यावरून त्या बिंदूची उंची काढायची. या तंत्राला लायडर म्हणतात. विमान नेमके कुठे आहे हे उपग्रहांच्या साहाय्याने कळत असल्याने उंचीतली चूक सुमारे दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत ठेवता येते. अशा लक्षावधी बिंदूंपासून किनाऱ्याचा उठावाचा नकाशा तयार होतो. वादळापूर्वीचा एक आणि वादळानंतरचा एक असे दोन नकाशे हाती आले की दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. जी बाकी उरते ते नुकसान. ते घनमीटरांत सांगता येते.

या वजाबाकीने जे दाखवले ते थक्क करणारे आहे. २००५च्या ‘कॅटरिना’ वादळानंतर लुइझियानाजवळच्या शँडेलूर बेटांच्या भूभागापैकी सुमारे ८५ टक्के भाग नाहीसा झाल्याचे आढळले. ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर ‘सँडी’ वादळ आले. त्यात फायर आयलंड या अरुंद बेटावरच्या पुळणीने आणि वाळूच्या टेकड्यांनी आपली निम्म्याहून अधिक वाळू गमावली. अशा नोंदींचा आणखी एक उपयोग होतो. अॅस्बरी सॅलेंजर या शास्त्रज्ञाने २०००मध्ये वादळाच्या आघाताच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिलीत लाटा पुळणीवरच खेळून परततात. दुसरीत त्या टेकडीच्या पायथ्यावर आदळून तिला कुरतडतात. तिसरीत माथ्यावरून पलीकडे जातात आणि वाळू आत ढकलतात. चौथीत सगळेच पाण्याखाली जाते. कोणती पायरी गाठली जाईल हे वादळाच्या जोरावर जितके ठरते, तितकेच टेकडीच्या उंचीवरही ठरते. उंची आधी मोजलेली असेल तर वादळ समुद्रात असतानाच कोणत्या वस्तीला धोका आहे ते सांगता येते.

म्हणजे या सगळ्या यंत्रणेचा जीव पहिल्या उड्डाणात आहे. वादळानंतरचे उड्डाण कोणीही करील. त्या वेळी पैसा असतो, वर्तमानपत्रे असतात, घाई असते. पहिले उड्डाण मात्र स्वच्छ उन्हाच्या, काहीही घडत नसलेल्या दिवशी करावे लागते. त्या दिवशी विमानातून दिसणाऱ्या दृश्यात बातमी नसते.

वाडीवाल्या काकांच्या म्हणण्याचाही इथे विचार केला पाहिजे. कोकणातली पुळण ऋतूंबरोबर श्वास घेते. पावसाळ्याच्या उंच, आखूड लाटा वाळू ओढून उथळ पाण्यात नेऊन ठेवतात. पावसाळ्यानंतरच्या शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. ‘निसर्ग’ आले ३ जूनला, आणि पुढच्या दहा दिवसांत मोसमी पाऊस राज्यात दाखल झाला. वादळाचा ओरखडा आणि पावसाळ्याचा ओरखडा एकमेकांवर पडले. ते वेगळे करायचे तर मागच्या डिसेंबरच्या नोंदीशी या डिसेंबरची, मागच्या मेच्या नोंदीशी या मेची अशी तुलना व्हायला हवी. पावसाळ्याचे चार महिने आकाश ढगांनी भरलेले असते, त्यामुळे साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहांना किनारा धड दिसत नाही. विमान उडवणेही अवघड. जिथे बदल सर्वांत जास्त होतो तिथेच डोळा बंद असतो.

आपल्याकडे काहीच झालेले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. भारतीय सर्वेक्षण विभागाने गेल्या दशकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या जोड्यांवरून किनाऱ्याची उंचसखलता काढली आणि देशाच्या मुख्य किनाऱ्याची ‘धोका रेषा’ आखली. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली उपग्रह छायाचित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून किनारा कुठे सरकला ते नोंदवले. त्यांच्या हिशेबाने देशाच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा झिजतो आहे, २६.९ टक्के वाढतो आहे आणि ३९.६ टक्के कमीअधिक स्थिर आहे. महाराष्ट्राच्या सुमारे ७४० किलोमीटर किनाऱ्यापैकी २५.५ टक्के झिजणारा, १० टक्के वाढणारा आणि ६४.६ टक्के स्थिर ठरला. हे काम मोलाचे आहे. परंतु ते मुख्यतः रेषेचे काम आहे. जमीन आणि पाणी यांच्यामधली रेषा अठ्ठावीस वर्षांत कुठून कुठे गेली, हे ते सांगते. एका दुपारी, एका गावापुढची वाळूची टेकडी किती फुटांनी खचली, हे रेषेतून कळत नाही. त्यासाठी उंची लागते, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा मोजावी लागते.

हे वाचत असताना मला वारंवार आठवण होत होती ती आपल्याच एका शास्त्राची : पाठचिकित्सेची. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला शके १५०६ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन शतकांनी. या तीन शतकांत किती लेखनिकांच्या हातून किती शब्द झिजले, किती ओव्या बाहेरून वाहत येऊन साचल्या, हे सांगायचे तर एकनाथपूर्व पोथी हवी. म्हणून तर आपल्या संशोधकांनी तिचा ध्यास घेतला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली ज्ञानेश्वरी ज्या पोथीवर आधारलेली आहे, ती पोथी त्यांना आमच्या बीडमध्ये मिळाली. ती खरोखर किती जुनी, यावर पंडितांचे वाद झाले आणि ते वाद मोलाचेच होते. माझा मुद्दा वेगळा आहे. जुनी प्रत उतरवून ठेवणाऱ्या त्या अनाम लेखनिकाला आपण काही ऐतिहासिक करतो आहोत असे वाटले नसेल. तो फक्त आपल्या दिवसाचा पाठ जसा होता तसा उतरवत होता. पुढे शेकडो वर्षांनी ‘इथे काय बदलले?’ हा प्रश्न कोणाला विचारता आला, तो त्याच्या त्या निरुत्साही वाटणाऱ्या कामामुळे. किनाऱ्यावरचे पहिले उड्डाण हे त्या लेखनिकाच्या जातीचे काम आहे.

आता पुन्हा सिंदफणेच्या काठी येतो.

माझ्या थोरल्या चुलतभावांची जमीन माजलगाव तालुक्यात, धरणाच्या खालच्या अंगाला, नदीला लागून आहे. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. २०२५च्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो. चहा झाल्यावर ते काही न बोलता उठले आणि मला रानात घेऊन गेले. नदीकडच्या वावरात उसाचे पीक होते. त्या जागी आता दगडगोटे आणि पिवळट मुरूम उघडा पडला होता. सबंध रानाच्या मधून एक काळा पाइप जमिनीपासून वर, अधांतरी गेलेला होता. दोन-तीन ठिकाणी तो वाकून खाली टेकला होता.

“पाइपलाइन,” आण्णा म्हणाले. “म्या सोता हुबं राहून चर खांदून घेतला हुता. तीन फूट. औताला लागू नये म्हणून तीन फूट खाली घातली हुती.”

मी तो पाइप पाहत राहिलो. पाइपाखालून माझा हात सहज जात होता. तिथे तीन फुटांहून अधिक माती गेली होती, आणि ती किती गेली हे सांगणारी त्या शिवारातली एकमेव नोंद म्हणजे तो पाइप होता. आण्णांनी चर खणून घेतला त्या दिवशी काहीही घडले नव्हते. तो त्यांच्या रानाचा २ जून होता.

“पंचनामा झाला का?” मी विचारले.

“झाला की. लोक चांगले हुते, चिखलातून आले बिचारे. किती गुंठे गेलं ते लिहून घेतलं.” मग थोडे थांबून म्हणाले, “खाली किती गेलं, ते लिहायला जागाच नव्हती म्हणं.”

यात कोणा कर्मचाऱ्याचा दोष नाही. आपला सातबारा लांबी-रुंदी जाणतो. खोली जाणत नाही. मदतीचे निकषही तसेच आहेत. शेतात गाळ साचला तर त्याचा थर तीन इंचांहून जास्त असावा, अशी अट आपत्ती निधीच्या निकषांत आहे; म्हणजे आलेल्या मातीची जाडी पाहिली जाते. जमीन वाहून गेली तर मात्र एकक हेक्टर. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमी योजनेतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे जाहीर केली. रक्कम पुरेशी की अपुरी, हा वेगळा विषय. एक वीत माती गेलेले रान आणि पुरुषभर माती गेलेले रान या हिशेबात एकाच ओळीत येतात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. ज्याची वीतभर गेली त्याचे वावर दोन-चार वर्षांत शेणखताने सुधारेल. ज्याचा मुरूम उघडा पडला त्याच्या नातवालाही तिथे ऊस दिसणार नाही.

कोकणातली वाळू आणि आमची माती यांच्यात हाच मोठा फरक आहे. पुळण दिवाळीनंतर परत येऊ शकते, कारण ती फार दूर गेलेली नसते. टेकडीला अधिक वर्षे लागतात, पण वारा आणि मर्यादवेल मिळून तीही पुन्हा उभी करतात. आमची काळी माती खडक झिजून तयार व्हायला शतके लागतात, आणि गेलेली परत येत नाही. तिचा पुढचा प्रवास मी नकाशावर पाहिला. सिंदफणा मंजरथला गोदावरीस मिळते. पुढे नांदेडचे विष्णुपुरी, मग तेलंगणातले श्रीरामसागर, अशी धरणे लागतात आणि प्रत्येक धरणाच्या तळाशी गाळ बसत जातो. समुद्रापर्यंत पोहोचणारा गोदावरीचा गाळ १९७०च्या दशकाच्या मानाने निम्म्याहूनही कमी झाला आहे, आणि आंध्रच्या किनाऱ्यावर गोदावरीच्या मुखाशी जमीन झिजण्याचे ते एक मोठे कारण मानले जाते. म्हणजे आण्णांच्या रानातून निघालेली माती आण्णांनाही उरली नाही आणि तिकडच्या कोळ्यांच्या किनाऱ्यालाही मिळाली नाही. तेलगावच्या माणसाचा समुद्राशी काय संबंध, या प्रश्नाचे उत्तर मला असे अनपेक्षितपणे सापडले.

मग वाटते, यावर उपाय तरी काय? साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेत राज्यातल्या हजारो गावठाणांवरून भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन फिरले. त्यांनी घरे, अंगणे, बोळ टिपले आणि लोकांना मालमत्तेचे कागद मिळाले. एकाच जागेची एकमेकांवर चढणारी अनेक छायाचित्रे घेतली की त्यांतून जमिनीची उंचीही काढता येते, त्यासाठी लायडरच हवे असे नाही. जमिनीवर काही ठिकाणांची उंची मात्र अचूक मोजून ठेवावी लागते, म्हणजे वरच्या चित्राला खालचा आधार मिळतो. योजनेचा हेतू गावठाणापुरता होता, म्हणून ड्रोन गावठाणाच्या हद्दीवर थांबला. नदीकाठच्या दोन-चार शिवारांवरून तो दर वर्षी मे महिन्यात एकदा आणि डिसेंबरात एकदा फिरला, तर पुढच्या पुरानंतर आण्णांसारख्यांना पाइपाची साक्ष काढावी लागणार नाही. दिवेआगरच्या वाडीवाल्यांचा वादही मिटेल. कदाचित तिघेही थोडे थोडे बरोबर निघतील.

उंचावरून केलेल्या मापनालाही मर्यादा असतेच, हे मी विसरलेलो नाही. वजाबाकीच्या नकाशावर आण्णांचे रान लाल ठिपक्यांचा एक पट्टा होईल. त्यात त्यांचे न बोलता उठणे येणार नाही. ते आपले, साहित्याच्या माणसांचे काम आहे, आणि आपण ते करत आलो आहोत. पण इतकी वर्षे मी एक सोयीस्कर समजूत बाळगून होतो : आकडे हे कोरडे, अनुभव हा ओला, आणि आपला पक्ष अनुभवाचा. त्या दिवशी अधांतरी पाइपाखाली हात घातल्यावर ही समजूत ढासळली. ‘तीन फूट’ हा आण्णांच्या सगळ्या बोलण्यातला सर्वांत करुण शब्दप्रयोग होता. विद्यार्थ्यांच्या अहवालांतल्या ‘हाहाकारा’ला ते बळ नव्हते. नेमकेपणाची भीती आपल्या लेखनाला फार पूर्वीपासून आहे, आणि तिची शिकवण वर्गातूनच, माझ्यासारख्यांकडूनच, दिली जाते.

म्हणून अहवाललेखनाच्या प्रकरणात मी एक छोटा बदल केला. विद्यार्थ्यांना सांगितले, काहीही न घडलेल्या एका दिवसाचा अहवाल लिहा. आपल्या रानाचा, विहिरीचा, ओढ्याच्या काठाचा. विशेषण एकही नको. तारीख हवी, जागा हवी, आणि निदान तीन मापे हवीत. वर्गात आधी हशा पिकला. “सर, काही झालंच नाही तर लिहायचं काय?” असे एकाने विचारलेही.

अहवाल आले. बरेचसे कंटाळवाणे होते. तसेच असायला हवे होते. काहींनी विशेषणे घातलीच. मूळ प्रश्न विचारणाऱ्या त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाने आपल्या बांधावरच्या बाभळीचे खोड जमिनीपासून कुठवर काळे आहे ते मोजून आणले होते. आणि नदीकाठच्या एका खेड्यातून येणाऱ्या एका मुलीच्या अहवालात, तारखेखाली, एवढेच लिहिले होते : “आमच्या विहिरीचा कठडा नदीच्या बाजूने जमिनीपासून दोन फूट चार इंच वर आहे. वडिलांनी टेप धरला, मी वाचले. आज पाऊस नव्हता.”

त्या कागदाची एक छायाप्रत मी तिच्या वडिलांना द्यायला सांगितली आहे. सातबाऱ्याबरोबर ठेवा म्हणावे.